दुसऱ्या कार्डाचा पत्ता

नशिराबाद, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारी आणि फ्लेक्सचे डिझाइन बनवणारी पोरे पुष्कळ आहेत. त्यातली काही कधीकाळी माझ्या वर्गात अलिफ-बे आणि अ-आ-ई दोन्ही शिकली. त्यांच्याकडून एक तक्रार वरचेवर कानावर येते. "सर, कॉम्प्युटरमध्ये दुसरे ग्राफिक्स कार्ड बसवले. पंखा फिरतोय, लाइट लागतोय, पण मशीन त्याला ओळखतच नाही."

मशीन एखाद्या कार्डाला ओळखते म्हणजे नेमके काय करते? दुकानातला मेकॅनिक याचे उत्तर चार-पाच गोष्टी हलवून शोधतो. वायर बदलतो, कार्ड काढून पुन्हा बसवतो, बायोसमध्ये शिरतो, ड्रायव्हर टाकतो. यातली प्रत्येक हालचाल कॉम्प्युटरच्या इतिहासातल्या कोणत्या ना कोणत्या काळातून आलेली आहे. या इतिहासात आपल्या लिप्यांचाही संबंध येतो, आणि तो बराच जवळचा आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा कॉम्प्युटरच्या पडद्यावर सहजासहजी आलेल्या नाहीत, आणि मराठी तर एका जादा कार्डाच्या आधाराने आली.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यासाठी पडद्याची दोन कार्डे होती. एक एमडीए, म्हणजे एकरंगी. त्यावर फक्त अक्षरे उमटत, पण ती ठसठशीत असत. दुसरे सीजीए, त्यावर रंग आणि चित्रे येत, पण जाडीभरडी. गंमत अशी, की ही दोन्ही कार्डे एकाच मशीनमध्ये एकत्र नांदू शकत होती. दोन कार्डे, दोन मॉनिटर, १९८१ सालीच.

हे जमले कारण दोघांचे पत्ते वेगळे होते. त्या मशीनचा प्रोसेसर एकूण १ एमबीपर्यंतचे पत्ते मोजू शकत असे. पहिले ६४० केबी प्रोग्रामसाठी, आणि त्यापुढची जागा कार्डांसाठी व बायोससाठी राखलेली. एमडीएची मेमरी ७०४ केबीच्या टप्प्यावर सुरू होई, सीजीएची ७३६ केबीच्या. एकाच गल्लीत दोन घरे, पण नंबर वेगळे, म्हणून टपाल चुकत नसे. प्रोग्रामने ७०४ च्या घरात अक्षर टाकले की ते एकरंगी पडद्यावर दिसे, ७३६ च्या घरात टाकले की रंगीत पडद्यावर.

आता 'ओळखण्या'चे बघा. त्या मशीनला कार्ड शोधायचे ज्ञान जवळपास नव्हतेच. मदरबोर्डवर बारीक खटक्यांची एक रांग असे. त्यातला पाचवा आणि सहावा खटका वर-खाली करून माणसानेच मशीनला सांगायचे, की मुख्य पडदा कोणता. खटका चुकला तर चांगले कार्डही मशीनच्या लेखी नव्हते. मशीन एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजवी. आजही अनेक मदरबोर्डांवर पडद्याचा बिघाड सांगायला हीच एक लांब-दोन आखूड शिट्टी वाजते.

या दोन कार्डांत एक मोठी उणीव होती, आणि ती इंग्रजी लिहिणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. एमडीएच्या पोटात २५६ आकार कायमचे कोरलेले होते. इंग्रजी अक्षरे, आकडे, युरोपातली काही स्वरचिन्हे, चौकटीच्या रेघा. बस्स. नवे अक्षर घालायची सोयच नाही. सीजीएवर ठिपक्या-ठिपक्याने काहीही काढता येई, पण उभ्या बाजूने फक्त २०० ठिपके. त्यात वर-खाली चिन्हे लागणारी लिपी वाचता येण्यासारखी उमटत नसे.

वान सुवन्नुकुल नावाच्या थाई विद्यार्थ्याला अमेरिकेत आपला पीएचडीचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. बाजारातली दोन्ही कार्डे त्याच्या कामाची नव्हती. त्याने तिसरे बनवले. १९८२ साली आलेले हे हर्क्युलिस कार्ड. एमडीएइतकीच स्वच्छ अक्षरे, आणि वर ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे चित्र काढायची मुभा. पुढे लोटससारखे हिशेबाचे प्रोग्राम आलेख काढायला त्याचा वापर करू लागले आणि ते जगभर पसरले. भारतातही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑफिसांतून, क्लासेसमधून दिसणारे पिवळसर किंवा हिरवट अक्षरांचे मॉनिटर बऱ्याचदा याच जातीच्या कार्डाला जोडलेले असत. कॉम्प्युटरच्या इतिहासावर लिहिणारे या कार्डाच्या वेगाबद्दल आणि किमतीबद्दल भरभरून लिहितात. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट ही, की एका माणसाला आपली लिपी पडद्यावर हवी होती.

पण दुसऱ्या कार्डाचे पहिले खरे भांडणही याच कार्डाने सुरू केले. चित्र काढायला त्याने ६४ केबी मेमरी घेतली होती, ७०४ पासून थेट ७६८ पर्यंत. म्हणजे ७३६ च्या घरात राहणाऱ्या सीजीएच्या अंगणात हा पाहुणा पाय पसरून बसला. दोन्ही कार्डे एकत्र लावली आणि हर्क्युलिस पूर्ण मेमरीवर चालवले, की टक्कर ठरलेली. म्हणून त्या कार्डाला 'हाफ' आणि 'फुल' अशा दोन अवस्था होत्या. शेजारी रंगीत कार्ड असेल तर 'हाफ'वर राहायचे, अर्धी जागा शेजाऱ्याला सोडायची.

एकाच मशीनमध्ये दोन कार्डे न चालण्याचे मूळ कारण तेव्हापासून आजपर्यंत हेच राहिले आहे. जागा एक, हक्क सांगणारे दोन.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडत होती. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी कॉम्प्युटरवर काम चालले होते. १९८३ साली दिल्लीत झालेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथले यंत्र दाखवले गेले. त्या कामातले एक इंजिनिअर मोहन तांबे पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आले. १९८८ साली स्थापन झालेली सीडॅक ही संस्था लोकांना परम या महासंगणकामुळे माहीत आहे. पण सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत जे पोहोचले ते तिथले जिस्ट कार्ड. 'ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी' या लांबलचक नावाचे ते लघुरूप.

साध्या पीसीच्या मोकळ्या स्लॉटमध्ये हे जादा कार्ड बसवायचे. मग डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्राममध्येच मराठी टाइप होऊ लागे. प्रोग्राम बदलावा लागत नसे. त्याच्या दृष्टीने एका घरात एक अक्षर, इतकेच. 'क' नंतर हलन्त आणि 'ष' आला तर 'क्ष' करायचा, ऱ्हस्व वेलांटी टाइप नंतर झाली तरी अक्षराच्या आधी दाखवायची, ही अक्कल कार्डाकडे. इंग्रजीने १२८ जागा व्यापल्या होत्या, वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरे बसवली. या मांडणीला इस्की म्हणतात. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली तिला आयएस १३१९४ असा क्रमांक दिला. आज मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर जो इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, तो याच कामाचा भाऊ.

इथे उर्दू शिक्षक म्हणून मला थोडे थांबावे लागते. इस्कीची खुबी अशी, की देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ यांची अक्षरे एकाच कोष्टकात बसतात, कारण सगळ्यांचे मूळ ब्राह्मीत. 'क' ची जागा एकच, फक्त आकार बदलायचा. उर्दू या कोष्टकात बसली नाही. फारसी-अरबी वळणाच्या लिप्यांसाठी पास्की नावाचे वेगळे कोष्टक करावे लागले. यात कुणाचा दुजाभाव शोधायचे कारण मला दिसत नाही. अडचण खरी होती. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तिचे 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. त्यात नस्तालीक वळण म्हणजे शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि उतारावरून घसरत डावीकडे खाली येतो. ८० उभ्या रांगा आणि २५ ओळींच्या एकसारख्या चौकोनांत त्याला कसे कोंबणार? नस्ख वळणाची उर्दू चौकोनांत कशीबशी बसते, पण आपल्या घरांत उर्दू म्हणजे नस्तालीकच. नस्खमधली उर्दू वाचताना आमच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

म्हणून उर्दूने चौकोनांची वाट सोडली आणि चित्राची धरली. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडरूपे लिहून काढली, आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर १९८१ साली नूरी नस्तालीक उभे राहिले. त्याच वर्षी 'जंग' या वर्तमानपत्राची लाहोर आवृत्ती त्यात छापली जाऊ लागली. म्हणजे आयबीएमचा पीसी आणि कॉम्प्युटरवरची नस्तालीक एकाच वर्षीच्या, पण एकमेकींशी ओळख नसलेल्या. ती ओळख व्हायला आणखी तेरा वर्षे लागली. १९९४ साली दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले, ते विंडोजवर चालले आणि त्यात नूरी नस्तालीक होती. तोवर कातिब बसून किताबत करीत. माझ्या विद्यार्थिदशेतल्या उर्दू शाळेच्या प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेल्या असत. त्याच वेळी शेजारच्या मराठी शाळेत टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका येत. दोन शाळांमध्ये भिंत एकच होती.

इनपेजला जिस्टसारखे कार्ड लागले नाही. कारण तोवर पडद्याचे कार्डच बदलले होते. १९८७ साली आलेल्या व्हीजीएने चित्र आणि अक्षर हा भेद जवळपास पुसला. विंडोजमध्ये सगळा पडदा म्हणजे चित्रच. मग अक्षर देवनागरी असो की नस्तालीक, कार्डाला फरक पडेना. देवनागरीसाठीही विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला, आणि लिपीसाठी कार्ड विकत घेण्याचा काळ संपला.

व्हीजीए मात्र एक वारसा मागे ठेवून गेले, आणि आजच्या तक्रारीचे अर्धे उत्तर त्यात आहे. त्याचे पत्ते आणि दरवाजे ठरलेले होते आणि ते सगळ्या जगाने पाठ केले. त्यामुळे व्हीजीए आणि जुने एकरंगी कार्ड एकत्र चालत. प्रोग्रामर मंडळी नव्वदीतही एका पडद्यावर प्रोग्राम आणि दुसऱ्या एकरंगी पडद्यावर त्यातल्या चुका बघत. पण दोन व्हीजीए? दोघांचा पत्ता एकच. ते जमत नसे.

१९९२ साली पीसीआय आले आणि घरांचे नंबर सहज बदलता येऊ लागले. आता कार्ड स्वतः सांगू लागले, की मी अमुक कंपनीचे, मला एवढी जागा हवी. बायोस सगळ्यांचे ऐकून पत्ते वाटू लागला. खटक्यांचा जमाना गेला. विंडोज ९८ ने तर एका मशीनवर नऊपर्यंत मॉनिटर लावायची सोय दिली. पण व्हीजीएचा तो जुना, सगळ्यांना पाठ असलेला पत्ता एकच राहिला. मशीन सुरू होताना बायोस तो एकाच कार्डाला देतो. आजही. म्हणून दुसऱ्या कार्डाला लावलेला मॉनिटर, कंपनीचा लोगो येईपर्यंत आणि विंडोजचा ड्रायव्हर जागा होईपर्यंत काळाच राहतो. पुष्कळ पोरे याच टप्प्यावर घाबरतात आणि कार्ड परत करायला निघतात. तो बिघाड नसतो. मॉनिटरची वायर पहिल्या कार्डाला लावून विंडोज उघडायचे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन नावे आहेत का ते बघायचे, एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच नसेल, तर प्रश्न त्याआधीचा आहे. मशीनला दुसऱ्या कार्डाची हाकच ऐकू आलेली नाही. इथे मेकॅनिकने दोन्ही कार्डे काढून फक्त दुसरे कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघावे. चालले, तर कार्ड निर्दोष आहे आणि दोष स्लॉटकडे किंवा विजेकडे आहे. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट ७५ वॅट देतो. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा पिनांची वायर लागते, ती आणखी ७५ देते, किंवा आठ पिनांची, ती १५०. ती वायर न लावता पंखा फिरू शकतो, कार्ड बोलत नाही. पंखा फिरणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. स्लॉटचेही तसेच. साध्या मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा असतो, आत तारा चारच असतात, आणि काही बोर्डांत त्यातल्या काही एम डॉट टू एसएसडीबरोबर वाटून घेतलेल्या असतात. एसएसडी बसवली की स्लॉट मुका. हे बोर्डच्या पुस्तिकेत छापलेले असते, पण पुस्तिका कोण उघडतो! आमच्या भागात कापसाची बारीक तूस आणि उन्हाळ्याची धूळ कार्डाच्या सोनेरी पट्टीवर बसते. मऊ खोडरबराने ती पट्टी पुसण्याचा जुना उपाय अजून चालतो, मात्र मशीनची वायर भिंतीतून काढून.

एक प्रकार त्याहून साधा. काही बोर्ड नवे कार्ड बसताच प्रोसेसरमधले मूळ ग्राफिक्स बंद करतात. बायोसमध्ये ते चालू ठेवायचा वेगळा पर्याय असतो. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात ग्राफिक्स नाहीच. मग मदरबोर्डच्या पोर्टला मॉनिटर लावून वाट बघण्यात अर्थ नाही.

नाव दिसते पण पिवळे त्रिकोणी चिन्ह येते, तेव्हा त्याचा कोड वाचावा. कोड १२ आला तर मशीन सांगते आहे, की या कार्डाला द्यायला मोकळी जागा सापडत नाही. हे थेट १९८२ चे भांडण आहे, आकडे तेवढे फुगले आहेत. ३२ बिटांत पत्ते ४ जीबीपर्यंतच मोजता येतात, आणि बायोस जुन्या सवयीने सगळ्या कार्डांच्या खिडक्या त्याच ४ जीबीखाली बसवू बघतो. अनेक वर्षे कार्डाची खिडकी २५६ एमबीची असे, म्हणून भागत होते. आता २०२० पासून रूढ झालेल्या रिसायझेबल बारमुळे कार्ड आपली सगळी मेमरी एकदम उघडू मागते, ८ जीबी, १२ जीबी. बायोसमधला 'अबव्ह ४जी डिकोडिंग' हा पर्याय चालू केला, की पत्ते ४ जीबीच्या वर नेले जातात आणि दोघांची सोय होते. काही बोर्डांवर त्यासाठी सीएसएम नावाची जुनी बायोस पद्धत बंद करावी लागते. पण हार्ड डिस्कवरचे विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेले असेल, तर सीएसएम बंद केल्यावर विंडोजच उघडणार नाही. हे आधी तपासून मगच हात लावावा.

सॉफ्टवेअरनेही एकदा दुसऱ्या कार्डाला दार बंद केले होते. विंडोज एक्सपीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे चालत. व्हिस्टा आले आणि त्याच्या नव्या पद्धतीत सगळी कार्डे एकाच ड्रायव्हरवर चालणारी हवीत, असा नियम झाला. कार्ड चांगले, स्लॉट चांगला, तरी दुसरे कार्ड बंद. विंडोज ७ मध्ये तो नियम सुटला. त्या काळातला सल्ला, की दोन कंपन्यांची कार्डे कधीच एकत्र लावू नका, आजही दुकानांतून ऐकू येतो. कारण गेले, सल्ला राहिला. एसएलआयचेही तेच. दोन कार्डे जोडून एक खेळ पळवायची ही सोय कंपनीने नव्या कार्डांतून काढून टाकली आहे. पण व्हिडिओचे काम करणारे प्रोग्राम दोन कार्डे स्वतंत्रपणे वापरू शकतात, त्याला जोडपट्टी लागत नाही.

राहिला कोड ४३. ड्रायव्हर कार्डाशी बोलला आणि उत्तर समाधानकारक आले नाही. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकून बघावा. तरी तेच असेल तर कार्ड कुठून आले ते विचारावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते कमावणे बंद झाले, आणि वापरलेली कार्डे स्वस्तात बाजारात उतरली. त्यातली बरीच बरी आहेत. काहींचा बायोस त्या कामासाठी बदललेला असतो, आणि मूळ ड्रायव्हर अशा कार्डाला नाकारतो. मूळ बायोस परत टाकला तर चालण्याची शक्यता असते. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले एक कार्ड मीही पाहिले, पी१०६ जातीचे, खास त्याच कामासाठी बनवलेले. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावानिशी दिसते, कोड नाही, त्रिकोण नाही. मॉनिटरची वायर लावायला मात्र त्याच्या मागच्या पत्र्यावर एकही पोर्ट नसते.